गुंडामामाची झील

गुंडामामांना एकही ओवी पुरती पाठ नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आरेवाडीच्या बाजूचं कुणीतरी वाचायचं आणि म्हणायचं, ‘वजीर नदाफानं उगीच गुंडा मेंढक्याचा गवई केला.’ मी गवई करत नाही. ते बिरोबाच्या ओवीला झील धरायचे, सत्तावीस वर्षं धरली, आणि त्यापलीकडं त्यांना काही येत नव्हतं. विसरभोळे तर इतके की थोरल्या लेकीच्या लग्नाची तिथी विसरून मेंढरं घेऊन फलटणच्या वाटेला लागले होते. त्यांच्या बायकोनं, पारूमामींनी, माणूस धाडून त्यांना म्हसवडातून माघारी आणवलं. हळदीच्या दिवशी पोचले आणि वर मलाच विचारत होते, “वजीर, कुणाचं लगीन हाय रं?”

झील म्हणजे काय ते सांगायला हवं. धनगरी ओवी एकट्यानं गायची नसते. पुढचा गाणारा देवाच्या कथेतली एक ओळ म्हणतो. ओळ संपता संपता मागचा झीलकरी तिचं शेवटचं अक्षर उचलतो आणि लांबवत नेतो. ते अक्षर हवेत असतानाच पुढच्यानं नवी ओळ धरायची. म्हणजे थोडा वेळ दोघांचे आवाज एकावर एक चालतात, मग मागचा हळूच बाजूला होतो. बाकीच्या मेळात झीलकरी चारपाच असतात. आमच्या केरबाआबांच्या मागं एकच होता, गुंडामामा. दोघं एका वाडीचे, एका कळपावर वाढलेले. केरबाआबा बोलायला फटकळ, ओवीला मात्र देवमाणूस. सगळी कथा त्यांच्या डोक्यात, आणि सगळा दम गुंडामामांच्या छातीत.

त्यांचा एक नियम होता. झील भुईला टेकू द्यायची नाही. मागच्याचा आवाज संपून मध्ये शांतता पडली, तर देव वाटेतच अडकतो म्हणे. मग सुंबरान पुन्हा मांडायचं. सुंबरान म्हणजे ओवीच्या आरंभी धरतीची, देवांची, शिकवणाऱ्यांची आठवण काढतात ते. सहा तास गाऊन झाल्यावर टेकली तरी सुटका नाही, पुन्हा धरतीपासून सुरुवात. सत्तावीस वर्षांत या जोडीवर ती पाळी आली नव्हती.

माझं तासगावात रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान. लग्न असो, उरूस असो, पुढाऱ्याची सभा असो, कर्णा माझा. आरेवाडीच्या यात्रेत दरवर्षी कर्णे बांधायचो, तेव्हा ओव्या कानावर पडायच्या. पण खरं सांगतो, मला तो गलकाच वाटायचा. आवाजाचा धंदा करणारा माणूस आवाज ऐकत नाही. हलवाई कुठं जिलबी खातो?

चौसष्ट सालच्या चैत्रात हंबीररावसर माझ्या दुकानात आले. मूळचे साताऱ्याचे, सांगलीला कॉलेजात मराठी शिकवायचे. नाव हंबीरराव आणि वजन उणंपुरं मणभर. पण जिद्द मोठी. कुणा परदेशी स्नेह्याकडून त्यांनी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मिळवला होता, आणि त्यांना केरबाआबांकडून बिरोबाची पुरी ओवी उतरवून घ्यायची होती. यंत्र हाताळायला मी. फिती चारच होत्या आणि त्या मिळवायला सरांनी आठ महिने पत्रं लिहिली होती.

आरेवाडीला बिरोबाच्या बनातल्या झाडाखाली सकाळी बसलो. घोंगडं अंथरलेलं, सगळ्यांच्या कपाळाला भंडारा, माझ्याही. फीत चालू करायच्या आधी आवाज जोखायला दोघांना पाचदहा ओळी म्हणायला लावल्या, आणि सर माझ्या कानाशी लागले.

“वजीर, हे मागचे गृहस्थ प्रत्येक ओळीला आऽऽ करतात. निम्मी फीत त्यातच जाणार. मला शब्द हवेत. ते लांबवायला लागले की थांबवा, केरबांनी तोंड उघडलं की सोडा.”

सरांचं चुकत नव्हतं. ओवी सहा-सात तासांची, फिती चार तासांच्या. मी यंत्राच्या कडेला असलेल्या कळीवर बोट ठेवलं. कळ दाबली की फीत थांबे, सोडली की चाले. मात्र माझ्या कानावरच्या भोंग्यांतून ऐकू येत राही, दाबली काय न् सोडली काय.

आणि तिथं मला पहिल्यांदा ऐकू आलं.

आमचे वाडवडील कापूस पिंजणारे. बापाच्या पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी पडली की जो घुमारा उठायचा, तो लहानपणी मी त्याच्या पाठीला पाठ लावून ऐकत झोपायचो. गुंडामामांची झील तशी होती. एकच अक्षर, पण ते वाढत जायचं, त्याच्या पोटात दुसरं काहीतरी घुमायचं, आणि आता संपणार असं वाटलं की त्यावर केरबाआबांची नवी ओळ येऊन बसायची. दोन आवाज, दोघं आपापल्या वाटेनं निघालेले, आणि मधल्या त्या टप्प्यात तिसरंच काहीतरी ऐकू यायचं, जे त्या दोघांतलं कुणीच गात नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. भर चैत्रात, चढत्या उन्हात. मी पाच वक्ताचा नमाजी नाही, हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझी मान आपोआप खाली गेली.

आणि तरीही मी कळ दाबत राहिलो. झील उठली की दाबायची, केरबाआबांची छाती भरली की सोडायची. सांगितलेलं काम. ओवी पुरी झाली तेव्हा चौथी फीत संपायला चार बोटं उरली होती. सर खूश. गुंडामामा गूळपाणी पीत होते. मला म्हणाले, “आमचं बी घातलंस न्हवं प्येटीत?”

“घातलं की मामा,” मी म्हणालो. तोंडावर खोटं बोललो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांचा घसा बसला. गूळ झाला, हळद झाली, देवऋषी झाला. मग मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तर घशात गाठ. काढली तर जगेल, डॉक्टर म्हणाले, पण आवाज जाईल. पारूमामींनी अंगठा उठवला. गुंडामामा जगले. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. त्यातून श्वास यायचा-जायचा, आवाज मात्र नाही.

मेंढका मुका झाला की काय होतं, ते मी वाडीवर भेटायला गेलो तेव्हा पाहिलं. मेंढरं हाळीवर चालतात. गुंडामामा काठी घेऊन पुढं झाले, आणि कळप जागच्या जागी उभा राहून त्यांच्याकडं बघत राहिला. त्यांनी काठी आपटली, हात हलवले. मेंढरं बघतच राहिली. शेवटी पुतण्यानं मागून हाळी दिली, तसा सगळा कळप मामांना वळसा घालून निघून गेला. मामा धुळीत उभे. मी तोंड फिरवलं.

पुढच्या चैत्रात केरबाआबा गायले नाहीत. लोक म्हणाले दुसरा झीलकरी घ्या, तर उसळले, “दुसऱ्याची बायकू आनून नांदवायला सांगतायसा व्हय रं?”

सहासष्टची होळी झाली आणि एके दिवशी पारूमामी एस.टी.नं एकट्या तासगावला आल्या. दुकानाच्या पायरीवर बसल्या. पाणी दिलं, घेतलं नाही.

“वजीरभाई, त्यांनी ताट सारलंय,” त्या म्हणाल्या. “भितीकडं तोंड करून पडत्यात. केरबा आला तर हातानं ‘जा’ म्हंत्यात. आन् ही असं करत्यात.” त्यांनी दोन हातांची दोन बोटं हवेत गोल गोल फिरवून दाखवली. “चार दिस मला वाटलं जातं दावत्यात, दळण सपलंय म्हनून. मी दोन पायली दळून ठिवलं. तरी बोटं फिरत्यातच. मग घशाला हात लावला त्यांनी, तवा माझ्या डोस्क्यात परकाश पडला. तुमची प्येटी दावत्यात. तिच्यातली चाकं.”

मी हातातलं रेडिओचं काम खाली ठेवलं.

“देवानं दिलं, देवानं नेलं, त्याचं माझं काय मागणं न्हाई,” मामी म्हणाल्या. “पर तुमच्या प्येटीनं बी नेलंय न्हवं? त्येवढं तरी आमाला ऐकवा. आपुन कवा कायतरी व्हतो, एवढं त्यांला कळू द्या. न्हाईतर ह्यो मानूस असाच भितीकडं तोंड करून जाईल.”

काय सांगणार होतो? तुमच्या नवऱ्याचा आवाज मी बोटानं खुडून फेकला, तोही अंगावर काटा येत असताना? मी म्हणालो, “हाय की मामी. समदं हाय. यात्रेला घेऊन येतो.” एका खोट्यावर दुसरं. मामी मग पाणी प्यायल्या.

दुसऱ्याच दिवशी सांगली गाठली. हंबीररावसर पुस्तकांच्या ढिगात बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “बसा, बसा. त्या स्नेह्यानं एक रेकॉर्ड पाठवलीय. ऐकाच. सात-आठशे वर्षांपूर्वीचं गाणं. तिकडं युरोपात एका संताच्या समाधीला लोक महिनोन्‌महिने चालत जात. वाटेवरच्या देवळांत हे गात. जुन्या पोथ्यांवरून आता पुन्हा बसवलंय.”

त्यांनी तबकडीवर सुई ठेवली. कानाला हात लावून सांगतो, एक अक्षर कळलं नाही. पण पहिला आवाज निघाला आणि मी खुर्चीच्या कडेला आलो. एक माणूस एकच अक्षर धरून बसला होता. लांब, जड, न संपणारं. त्यावर दुसरा आपले शब्द घेऊन चढत होता, उतरत होता. आणि मधल्या टप्प्यात तेच, तिसरं, कुणीच न गायलेलं. कुठला तो देश, कुठला तो संत! पायी चालून थकलेल्या माणसांना देवाच्या दारात गेल्यावर एकाच्या आवाजाला दुसऱ्याच्या आवाजाचा आधार द्यावा, असं तिथंही वाटलं आणि इथंही वाटलं. माझे डोळे भरून आले. सरही हात जोडल्यासारखे बसले होते.

ते जोडलेले हात बघून माझं डोकं फिरलं.

“सर, हा जो खालचा आऽऽ करतोय, तो कोण?”

“तो आधारस्वर. सगळं सौंदर्य त्यात आहे, वजीर.”

“मग आमच्या गुंडामामांचा तुम्ही मला का खुडायला लावलात? तिकडचा असला की हात जोडायचे आणि आरेवाडीचा असला की फीत वाया जाते? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय खोटं नाही!” मग मामींचं सगळं सांगितलं. बोटं फिरवण्याचं, भिंतीचं, आणि माझ्या दोन्ही खोट्यांचं.

मला वाटलं सर घराबाहेर काढतील. रेकॉर्ड संपून सुई नुसतीच खरखरत होती. मग सर एकदम उठले.

“थांबा. दोन वर्षं मी तुमच्या नावानं खडे फोडतोय, वजीर. प्रत्येक ओळीच्या तोंडाला कुणाचा तरी आवाज चिकटलेला आहे. पहिला शब्द लागता लागत नाही. दहादहादा ऐकावं लागतं. मला वाटायचं, तुमचं बोट चुकतं.”

त्यांनी पहिली फीत लावली. केरबाआबांची ओळ सुरू झाली, आणि तिच्या खाली, पापणी लवते तेवढंच, गुंडामामा. पुढची ओळ, पुन्हा गुंडामामा. झील टेकू द्यायची नाही ना! मामा सोडायच्या आत आबा नवी ओळ धरायचे, आणि आबांनी धरली की मी कळ सोडायचो. त्यामुळं मी खुडलेल्या प्रत्येक झिलीचं शेपूट फितीवर आलं होतं. आम्ही एकामागून एक ऐकत गेलो. दोनशेच्या पुढं सरांनी मोजायचं सोडलं.

आणखी एक गोष्ट मला तिथं कळली, आणि ती सांगताना अजून मला भरून येतं. पहिल्या फितीवर ती शेपटं पापणीएवढी होती. दुसऱ्या फितीवर जरा मोठी. चौथीवर तर चांगला निम्मा श्वास. दुपार चढत गेली तसं माझं बोट लवकर लवकर सुटत गेलं होतं. सरांचा हुकूम मी मोडला नव्हता. खुडवत नव्हतं म्हणून माझ्या बोटानं मोडला होता.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, न्याहारी उरकून, आम्ही बनात त्याच झाडाखाली बसलो. सर, मी, पारूमामी. केरबाआबांना मामींनी ओढून आणलं होतं. गुंडामामांना पुतण्यानं बैलगाडीतून आणलं. माणूस अर्धा झाला होता. यंत्र दिसलं तसे त्यांचे डोळे त्यावर खिळले.

मी फीत लावली. केरबाआबांचा आवाज निघाला आणि आबा स्वतःच दचकले. ओळ संपली, दुसरी लागली, तिच्या खाली शेपूट. मामा नुसते बघत होते. आपला आवाज त्यांनी जन्मात बाहेरून ऐकला नव्हता, ओळखणार कसा? पण पारूमामींनी पदर तोंडाला लावला.

“आवं, ह्यो तुमीच!”

मामांनी मान पुढं केली. पुढची ओळ, शेपूट. पुढची, शेपूट. त्यांचा हात हळूहळू कानाकडं गेला, झील धरताना जायचा तसा. आणि मग चेहरा बदलला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दोन्ही तळवे एकमेकांपासून लांब नेले. बाकीचं कुठं आहे?

“मामा, मी खुडलं,” मी म्हणालो. “फीत पुरवायची म्हणून. मीच कळ दाबत होतो. तुमी विचारलंत तवा खोटं बोललो. मामींशी बी खोटं बोललो.”

मामींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गळ्यावरचं फडकं तेवढं हलत होतं. सर काही सांगायला गेले, तर केरबाआबांनी त्यांना हातानं थांबवलं.

“चाकं उलटी फिरव,” ते मला म्हणाले. “पयल्यापास्नं लाव. माझी ओळ सपली की तुजी ती कळ दाब. गड्याचं शेवटचं हाय न्हवं? मग मधलं म्या धरतो.”

सत्तावीस वर्षं पुढं गायलेला माणूस मांडी बदलून गुंडामामांच्या मागं जाऊन बसला.

फीत लावली. पेटीतल्या केरबाआबांची ओळ संपली, मी कळ दाबली, आणि मागून खऱ्या केरबाआबांनी झील उचलली. झिलीची सवय नसलेला, म्हातारा, कापरा आवाज. मी बावरलो. आबांचा दम संपला, मला कळ सोडायला उशीर झाला, आणि बनात शांतता पडली.

“टेकली,” आबा म्हणाले. “पयल्यापास्नं.”

पुन्हा सुंबरान. या वेळी तीन ओळी गेल्या, चौथीला मी घाई केली, दोन्ही आवाज एकमेकांवर आपटले. पुन्हा पहिल्यापासून. माझी बोटं घामानं निसटत होती. आबांचा दम कुठं संपणार, हे मला कसं कळावं? ते कळायला त्यांच्या श्वासाशेजारी जन्म काढावा लागतो.

गुंडामामांनी माझं मनगट धरलं, कळीवरनं माझं बोट उचलून बाजूला केलं आणि तिथं आपलं ठेवलं. एका डोळ्यानं फीत बघितली. दुसरा हात कानाला. मग त्यांनी आबांकडं मान हलवली.

पेटीतली ओळ संपली. मामांनी कळ दाबली. आबांनी झील उचलली, नेली, लांबवली. कापत होती तरी नेली. छाती रिकामी होत आली, आवाज बारीक झाला, आणि तो तुटायच्या नेमक्या आधी मामांनी बोट सोडलं. पेटीतून त्यांचाच आवाज, दोन वर्षांपूर्वीचा, निरोगी, आबांच्या आवाजाखाली येऊन उभा राहिला आणि त्यावर नवी ओळ बसली. मधला सांधा मला सापडला नाही. माझा धंदा आवाजाचा, तरी सापडला नाही.

माणसं जमत गेली. भंडारा उधळायचंही कुणाला सुचलं नाही. सरांनी वही मिटून ठेवली. पारूमामी मामांच्या बोटाकडं बघत होत्या, आणि शेपटं मोठी होत चालली होती, चौथ्या फितीवर तर निम्मा श्वास आबांचा आणि निम्मा मामांचा. मी फीत बदलायचो तेवढा वेळ आबा चोरट्या श्वासावर झील धरून ठेवायचे, एरवी मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, मला काही काम उरलं नव्हतं. सेल उतरेपर्यंत, सूर्य बनाच्या मागं जाईपर्यंत ते चाललं, आणि झील एकदाही भुईला टेकली नाही.